टाक्याची साक्ष

दिवाळीचा फराळ आटोपला, की दुपारी घरात एक निराळीच शांतता पसरते. मुले किल्ल्यापाशी रमलेली असतात, पुरुषमंडळी पान जमवून आडवी होतात, आणि घरातली गृहिणी, चार दिवसांत प्रथमच पाठ टेकून, एखादी रहस्यकथा उघडते. पोटात चकली आणि हातात खून! इतकी सज्जन, मुंगी चिरडली तरी हळहळणारी माणसे परक्याच्या खुनाची हकीकत एवढ्या समाधानाने का वाचतात, हे कोडे मला पुष्कळ दिवस पडले होते. त्याचे उत्तर मला एका गोधडीने दिले.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पेणला आमच्या आळीत एक लग्न झाले. वऱ्हाडासाठी घरोघरच्या गाद्या-गोधड्या गोळा केल्या होत्या. लग्न उरकल्यावर ज्याची त्याला अंथरुणे परत करताना एका घरची गोधडी कमी भरली. संशय कोणावर जाणार? भांडी घासणाऱ्या मावशींवर! त्यांच्या खोलीत खरोखरच तशी एक गोधडी मिळाली. तीच हिरवी पातळे, तेच काठ. मावशी रडकुंडीस आल्या. “ही मी शिवलीय हो,” एवढेच त्या म्हणत होत्या. पण ऐकतो कोण?

माझी आई दाराशी उभी होती. तिने गोधडी हातात घेतली, उलटी केली आणि कोपरा चाचपला. गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकटीमागून चौकट घालीत मध्याकडे जातो, हे ती शिवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. आई म्हणाली, “वहिनी, दोरा कोणत्या अंगाने वळलाय पाहा. तुम्ही-आम्ही शिवतो त्याच्या उलट. ही डावखुऱ्या हाताची शिवण आहे.” सर्वांच्या नजरा मावशींच्या हातांकडे गेल्या. त्या भांडी डाव्या हाताने घासत, हे सगळ्या आळीने वर्षानुवर्षे पाहिले होते. लक्षात मात्र कोणी घेतले नव्हते. मग वहिनींनाही आठवले, की जुनी पातळे आपणच त्यांना आदल्या वर्षी दिली होती. हरवलेली गोधडी चार दिवसांनी मांडववाल्याच्या कनातींत गुंडाळलेली सापडली.

पुढे मी शिक्षिका होऊन रोह्यास आले. तिथे एका सहशिक्षिकेने मला सुझन ग्लॅस्पेल या अमेरिकन लेखिकेची एक कथा वाचावयास दिली, आणि कुंडलिकेच्या काठी बसून मला आमची पेणची आळी पुन्हा दिसली. १९०० सालच्या डिसेंबरात आयोवा प्रांतात एका शेतकऱ्याचा झोपेत खून झाला आणि त्याच्या पत्नीवर खटला भरण्यात आला. ग्लॅस्पेल तेव्हा तरुण वार्ताहर होती. त्या खटल्याच्या बातम्या तिनेच लिहिल्या. तो विषय मनात घोळत राहून १९१६ साली तिने त्यावर एकांकिका लिहिली आणि १९१७ साली कथा.

कथेत शेतकऱ्याची पत्नी तुरुंगात आहे. सरकारी वकील आणि शेरीफ पुरावा शोधीत घरभर हिंडतात, आणि सोबत आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात बसून असतात. त्यांना तिथे अर्धवट राहिलेली गोधडी मिळते. तुकडे जोडून तिला टाके घालायचे की नुसत्या गाठी मारायच्या, अशी त्या चर्चा करतात, तेव्हा पुरुष हसतात. पण त्या बायकांना दिसते, की सगळे तुकडे सुबक शिवलेले असताना एकाच तुकड्यावरचे टाके वेडेवाकडे पडले आहेत. त्या क्षणी शिवणारीचे चित्त ठिकाणावर नव्हते! खुनाचे मूळ वर माळ्यावर नव्हते, ते या टाक्यांत होते. पुरुषांना ते अखेरपर्यंत सापडत नाही. आणि बायका ते सांगतही नाहीत. ज्या काळी त्या प्रांतात स्त्रियांना जूरीत बसण्याचा अधिकार नव्हता, त्या काळी दोन बायकांनी स्वयंपाकघरातच आपली जूरी बसविली होती.

आता आपल्याकडे पाहू. मराठी वाचकाला रहस्याची गोडी लावली ती गो. ना. दातारांनी. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या त्यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ या पुस्तकांत भुयारे होती, गुप्त दारे होती, बुरखेधारी होते. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. १९०६ साली जन्मलेल्या या लेखकाने १९९६ साली मृत्यू येईपर्यंत हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड हे वीर पिस्तूल परजीत मोटारींतून धावत. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत ती पुस्तके पाठ्यपुस्तकांखाली दडविलेली असत, आणि ती वाचून कित्येक पोरांना वाचनाची चटक लागली. त्या ऋणाचा मला विसर पडलेला नाही. परंतु त्या जगात माझ्या आईला जागा नव्हती. तिच्या हातात पिस्तूल नव्हते, सुई होती.

इंग्लंडात मात्र सुईला जागा मिळाली. १९२७ सालच्या डिसेंबरात अगाथा ख्रिस्तीने एका मासिकातील कथेत मिस मार्पल ही म्हातारी प्रथम आणली. ही खेड्यातली अविवाहित वृद्धा कोपऱ्यात विणकाम करीत बसते. सगळे तिला विसरतात, म्हणूनच तिच्यासमोर सर्व काही बोलून जातात. पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया वेंटवर्थने मिस सिल्व्हर आणली. ती तर निवृत्त शिक्षिका, आणि तीही विणणारी! आम्हां मास्तरणींची मान ताठ व्हावी अशी ही नायिका. १९३४ साली डोरोथी सेयर्सने चर्चच्या घंटा ठराविक क्रमाने वाजविण्याच्या कलेभोवती एक संपूर्ण कादंबरी गुंफली. पुढे अमेरिकेत हा ओघ रुंदावला. १९९४ साली अर्लीन फाउलरची गोधड्यांच्या नमुन्यांत रमलेली मालिका सुरू झाली. १९९९ साली मोनिका फेरिसची, भरतकामाच्या दुकानातली. अशा कथांना तिकडे ‘कोझी’ म्हणतात, म्हणजे उबेच्या कथा. गोधडीत शिरून वाचाव्यात अशाच त्या असतात. रक्त फारसे दिसत नाही, गाव लहान असते, आणि शेवटी उसवलेले सारे पुन्हा शिवले जाते.

या कथांची मोहिनी खुनात नाही, असे माझे मत झाले आहे. ती मोहिनी अशी, की ज्या कामाला जग ‘बायकांचा वेळ घालवायचा उद्योग’ म्हणते, ते काम एकाएकी विद्या ठरते. ज्याला कोणी हिशेबात धरले नव्हते, त्याच्याच नजरेला सत्य दिसते. आयुष्यभर टाके घातलेल्या, भाकऱ्या थापलेल्या, पापड लाटलेल्या वाचकाला याहून मोठा मान तो कोणता?

परंतु एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तिकडे यंत्राने कापड शिवले, स्वेटर विणले, आणि हाताचे काम पोटासाठी उरले नाही. म्हणून ते छंद झाले, आणि छंदाभोवती उबेची कथा रचता आली. आमच्या पेणला तसे नाही. तिथे शाडू मळणारा, साच्यातून गणपती काढणारा, रंग देणारा आणि डोळ्यांची आखणी करणारा, हे सारे पोटासाठी काम करतात. पेणच्या, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून वर्षभर मूर्ती घडतात आणि परदेशीही जातात. आखणी करणारा हात वेगळाच असतो. भुवईची एक रेघ पाहून ‘ही मूर्ती अमक्याच्या हातची’ असे बिनचूक सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. टाक्यावरून शिवणारी ओळखणे आणि रेघेवरून कारागीर ओळखणे, विद्या एकच. असा आखणीवाला किंवा अशी गोधडीवाली नायक झालेली मराठी रहस्यकादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही. ती लिहिणे सोपेही नाही. कारण आमच्या कथेत मजुरीचा प्रश्न दाराशी उभा राहील, आणि संशय प्रथम गरिबावरच का जातो, हेही सांगावे लागेल. ती कथा थोडी कमी उबेची होईल, पण अधिक आपली होईल.

ती हिरवी गोधडी मावशींनी पुढे माझ्या आईला देऊ केली. आईने ती घेतली नाही. “तुमच्या हातची आहे, तुमच्याकडेच राहू द्या,” असे ती म्हणाली. दिवाळीच्या दुपारी रहस्यकथेचे शेवटचे पान मिटताना मला नेहमी ते वाक्य आठवते. खुनी सापडल्याचा आनंद असतोच. पण ज्याचे त्याला परत मिळाल्याचा आनंद त्याहून मोठा असतो.