वस्तीतल्या माता : बर्लिनमध्ये स्थलांतरित महिलांना आधार देणाऱ्या शेजारणी

लग्न होऊन परदेशात गेलेल्या मुलीला घर मिळतं, व्हिसा मिळतो. पण दवाखान्यात काय बोलायचं, मुलाचं नाव बालवाडीत कसं घालायचं, घरात मारहाण झाली तर कुणाकडे जायचं, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. माहेर हजारो किलोमीटर दूर, भाषा परकी आणि सरकारी पत्र हातात पडलं की धडकी भरते. जर्मनीतल्या बर्लिन शहरात या अडचणीवर एक साधा उपाय २० वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. तिथे अशा बाईच्या दारावर साहेब येत नाही. त्याच वस्तीतली, तिचीच भाषा बोलणारी एक आई येते.

कामगार आले, पण भाषा कुणी शिकवली नाही

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' म्हटलं गेलं. पाहुणा काम करून परत जाईल, असा हिशेब होता. १९७३ मध्ये ही भरती थांबली. पण इथे असलेल्या अनेकांनी बायका-मुलांना बोलावून घेतलं आणि संसार थाटला. पुढे लेबनॉनच्या यादवी युद्धातून पळालेली लेबनीज आणि पॅलेस्टिनी कुटुंबं आली. २०१५ च्या सुमारास सीरियातून निर्वासित आले.

यातली खूप कुटुंबं बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहतात. या भागाची लोकसंख्या तीन लाखांहून अधिक आहे. पुरुष कारखान्यात जात, तिथे मोडकीतोडकी जर्मन शिकत. घरात राहिलेल्या बाईला तीही संधी नव्हती. स्थलांतरितांना भाषा शिकवणारे देशव्यापी सरकारी वर्ग सुरू झाले ते थेट २००५ मध्ये. म्हणजे करारानंतर तब्बल ४४ वर्षांनी!

लाल स्कार्फवाल्या बायका

२००४ मध्ये नॉयकोल्नमधल्या एका छोट्या वस्तीत 'श्टाडटाइलम्युटर' हा उपक्रम सुरू झाला. या शब्दाचा अर्थ 'वस्तीतल्या माता'. उपक्रम चालवणारी डियाकोनी ही प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेली समाजसेवी संस्था आहे. तरीही काम करणाऱ्या आणि मदत घेणाऱ्या महिलांमध्ये मुस्लीम महिला मोठ्या संख्येने आहेत. सुरुवात तुर्की महिलांपासून झाली, मग अरबी आणि इतर भाषा बोलणाऱ्या महिलाही आल्या.

पद्धत सरळ आहे. स्वतः आई असलेली, स्थलांतरित कुटुंबातली, हाताला काम नसलेली आणि थोडीफार जर्मन येणारी महिला निवडली जाते. तिला साधारण सहा महिने प्रशिक्षण मिळतं. बालवाडी आणि शाळा, दोन भाषांत मूल वाढवणं, आहार, आजार आणि लसीकरण, मुलांचे हक्क, मारहाण न करता शिस्त लावणं, टीव्ही-मोबाइल, व्यसनांपासून बचाव असे विषय त्यात असतात. त्यानंतर गळ्यात लाल स्कार्फ आणि खांद्यावर पिशवी घेऊन ती लहान मुलं असलेल्या कुटुंबांकडे जाते. एका घरी साधारण दहा भेटी होतात आणि दर भेटीत एक विषय घेतला जातो. चहा होतो, गप्पा होतात आणि बोलणं मायबोलीत चालतं.

दाराआड काय बदलतं?

एक उदाहरण घेऊ. जर्मनीत बाळ जन्मलं की आईला एक पिवळी वही मिळते. जन्मापासून शाळेच्या वयापर्यंत ठरलेल्या तपासण्यांची नोंद त्यात होते. जर्मन न येणाऱ्या आईसाठी ती वही म्हणजे आणखी एक न कळणारा कागद. शेजारीण ती उघडून दाखवते, पुढची तारीख कोणती ते सांगते, गरज पडली तर सोबत जाते.

बालवाडीचंही तसंच. वयाची तीन वर्षं झालेल्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत १९९६ पासून आहे. २०१३ पासून तो एक वर्षाच्या मुलालाही मिळाला. बर्लिनमध्ये २०१८ पासून जेवणाचा खर्च सोडला तर बालवाडी मोफत आहे. पण हक्क कागदावर असणं वेगळं आणि आईला तो माहीत असणं वेगळं. मूल बालवाडीत गेलं की ते पहिलीआधी जर्मन शिकतं आणि आईला स्वतःच्या वर्गासाठी चार तास मिळतात.

सगळ्यात मोठी भीती असते ती बालकल्याण कार्यालयाची. 'ते लोक मुलं उचलून नेतात' अशी चर्चा अनेक घरांत असते. धोका असेल तर मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकार या कार्यालयाला आहे, हे खरं. पण पालकांना सल्ला देणं, मदत मिळवून देणं हेही त्याचंच काम. हे अधिकाऱ्याने सांगितलं तर पटत नाही, ओळखीच्या बाईने सांगितलं की पटतं.

हिजाबचा मुद्दाही इथे येतो. बर्लिनच्या २००५ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षिकांना हिजाब घालण्यास मनाई केली. हिजाब घालणाऱ्या महिलांसाठी नोकरीचा एक दरवाजा त्यामुळे बंद झाला. वस्तीमातांच्या कामात हिजाब कधी आड आला नाही. अनेकींसाठी ही आयुष्यातली पहिली नोकरी ठरली. यातल्या काही जणींनी पुढे देशाचा इतिहास समजून घ्यायचं ठरवलं. नाझी राजवट आणि ज्यूंचा संहार यावर त्यांनी अभ्यासवर्ग केले आणि आउशविट्झलाही भेट दिली.

संस्कृतीचा मान म्हणजे अत्याचारावर पांघरूण नव्हे

संस्कृती जपायची म्हणून घरातली मारहाण झाकायची का? इथे उत्तर स्पष्ट आहे : नाही. मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क जर्मन कायद्याने २००० मध्ये दिला. वस्तीमाता हे आईवडिलांना समजावून सांगतात.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तर एक गोष्ट माहीत असायलाच हवी. जर्मनीत साधारण तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर पत्नीला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळू शकतो. घरगुती हिंसाचारासारख्या परिस्थितीत त्याआधीही तो मागता येतो. 'तक्रार केलीस तर परत पाठवतील' ही धमकी दरवेळी खरी नसते. महिलांसाठी ११६ ०१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते आणि तिथे तुर्की, अरबीसह अनेक भाषांत बोलता येतं.

पगाराचा प्रश्न

या उपक्रमाची एक दुखरी बाजूही आहे. बरीच वर्षं ही कामं बेरोजगारांसाठीच्या तात्पुरत्या योजनांतून चालली. मुदत संपली की शिकलेली, अनुभवी बाई पुन्हा घरी. २०२० पासून बर्लिन राज्याने यासाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि नियमित नोकरीचा मार्ग मोकळा झाला. डेन्मार्कनेही ही कल्पना उचलली, मात्र तिथे हे काम प्रामुख्याने स्वयंसेविका करतात.

ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे २००५ पासून आशाताई हेच करतात. गावातलीच बाई, गावाचीच भाषा, घरोघरी भेट. आणि मानधनासाठी आशाताईंनाही रस्त्यावर उतरावं लागलं आहे. बाईच्या ओळखीवर, विश्वासावर काम उभं राहतं. पण तिच्या मेहनतीचं मोल द्यायची वेळ आली की हात आखडता घेतला जातो.

आपल्याला काय करता येईल?

मुंब्रा, भिवंडीत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या बहिणी राहतात. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आपल्या लेकी आखाती देशांत आणि युरोपात नांदायला जातात. दोघींची अडचण एकच आहे.

मोहल्ल्यातल्या जमाती आणि महिला मंडळं दोन-चार जाणत्या बायकांना शाळा प्रवेश, रेशन कार्ड, लसीकरण आणि कायद्याची माहिती देऊन तयार करू शकतात. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन मात्र द्यायला हवं.

मुलीला परदेशी पाठवताना दागिन्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी करा. पासपोर्ट आणि निकाहनाम्याच्या प्रती तिच्या स्वतःच्या हातात असाव्यात. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आणि महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ असावा. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, तेही तिला दाखवून ठेवा. आणि निघण्याआधी त्या देशाच्या भाषेचा वर्ग लावून द्या. चार वाक्यं बोलता आली तर शेजारणीचं दार वाजवायला धीर येतो.