पाळणाघराचं अनुदान कोण देतं?

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू. आई कामावर गेली की मूल कोणाकडे? पैसेवाल्यांच्या घरी उत्तर सोपं असतं, मुलाला सांभाळायला बाई ठेवायची. हातावर पोट असलेल्या घरात उत्तर बहुधा एकच: थोरली मुलगी. धाकटं तिच्या कडेवर येतं आणि तिची शाळा सुटते. म्हणजे सांभाळण्याचा खर्च होतोच, फक्त तो कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक बायका एके काळी तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळगोळी देत. मूल झोपून राही, पाळी पार पडे. त्या आईला दोष देण्याआधी आपण विचारलं पाहिजे, तिच्यापुढे दुसरं काय होतं?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं. डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या कामातून मालकाला नफा होतो, तेव्हा तोही सुटत नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला. तो पाळणाघराचा नव्हता हे खरं. पण आपल्या आजच्या प्रश्नाचं तत्त्व त्यात आलं: मूल वाढवणं ही एकट्या कुटुंबाची खाजगी बाब नाही.

पुढे काय झालं? १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. हेतू चांगला, पण हिशेबी मालकाला पळवाटही मिळाली. बायकांची संख्या त्या आकड्याखाली ठेवली की झालं! आणि ज्या बाईला कारखानाच नाही तिचं काय? शेतमजूर, धुणंभांडी करणारी, इमारतीवर घमेली वाहणारी? १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच फिरती पाळणाघरं सुरू केली, ती या उणिवेतूनच.

१९७५ साली केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. तिच्यातला ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला परका नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीला मुलांच्या अंगणातच शिक्षण नेलं, तिथली ही कल्पना. अंगणवाडीने पोषण दिलं, लसीकरण घडवलं. पण ती काही तास चालते, आणि आईचं काम दिवसभर. उरलेले तास पुन्हा थोरल्या मुलीचे!

ते तास भरून काढायला पाळणाघरांच्या योजना आल्या. २००६ साली राजीव गांधींच्या नावाने आली, २०१७ साली तिची राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने मुलामागे महिना २० रुपये द्यायचे, बाकीचा बहुतेक भार सार्वजनिक पैशावर. २०२२पासून ‘पालना’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं धोरण आहे. दिशा बरोबर आहे.

पण एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. मुलांना सांभाळणाऱ्या बाईला आपण ‘सेविका’ म्हणतो आणि तिला पगार नाही, ‘मानधन’ देतो. शब्द मोठा सन्मानाचा, रक्कम तुटपुंजी. म्हणजे एका गरीब बाईचं मूल दुसरी बेताच्या परिस्थितीतली बाई कमी मोबदल्यात सांभाळते. मग अनुदान नेमकं कोण देतं? कागदावर सरकार देतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा ही सेविका देते, जसा पूर्वी थोरली मुलगी देत होती.

सरकारने पैसे द्यावेत की नाही, हा वाद आपण फार घातला. आधी हे पाहू या, की आजवर ते कोणाच्या पदरातून गेले. तो हिशेब मांडला, की अनुदान ही कोणी केलेली मेहेरबानी वाटणार नाही. ती जुन्या देण्याची उशिरा केलेली फेड आहे, आणि तीही अजून पुरी झालेली नाही.