पैठणची वाट, अलेक्झांड्रियाचे जहाज

संत पौलांना कैदी म्हणून रोमला नेले, ते माल्टाहून अलेक्झांड्रियाच्या जहाजातून. उतरले ते पुत्युली बंदरात. त्याच शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आपले पैठण भेटते. तेथील माल गाड्यांवर लादून वीस दिवसांच्या वाटेने भडोचला जाई. मध्ये आपला खानदेश! (पाचोऱ्याची माती त्या चाकांना लागली की नाही, या वादात मी पडत नाही.) पुढे तांबडा समुद्र, उंटांचे तांडे, नाईल आणि अलेक्झांड्रिया. उलट वाटेने इटलीचे मद्य व पोवळी येत.

सहाव्या शतकात याच अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉसमस लिहितो, की ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ती धर्म येथे पोर्तुगिजांनीच प्रथम आणला, असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद अवश्य पाहावी. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली.