पेट्रोल पिते ती गाडी, की आणखी काही?

वसईचा माणूस माइकसमोर बसला की १७३९ आणि चिमाजी आप्पा येणारच, असं तुम्ही धरून चालला असाल. पण आज किल्ला नाही, लढाई नाही. आजचा इतिहास एका शंभरपानी वहीतला आहे.

वही माझ्या आतेभावाची. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. पापडीला त्याच्या घरासमोर ताडपत्रीखाली एक लाल, दोन सीटची गाडी उभी असते. ती ठेवायची की विकायची, यावर त्या घरात बरीच वर्षं वाद आहे. वहिनींचं एकच वाक्य असतं: "पेट्रोल पिते." शेवटी दादानं वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "तू इतिहासवाला ना? वाच आणि काय तो निकाल दे."

आधी गाडीविषयी. १९९०च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्स नावाच्या कंपनीनं 'सॅन स्टॉर्म' ही छोटी स्पोर्ट्स गाडी काढली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन फ्रान्सच्या रेनोचं, ११४९ सीसीचं. छप्पर उघडणारं, म्हणून काटेकोर बोलायचं तर ही रोडस्टर. कूपे म्हणजे दोन दारांची, बंद छपराची. पण घरखर्चाच्या दृष्टीनं दोघी सख्ख्या बहिणी. माणसं दोन, सामान जेमतेम, आणि हौस मोठी.

आपल्याकडे छोट्या गाडीचा विचार नेहमी काटकसरीतूनच झाला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' बनवली ती सामान्य माणसाला परवडावी म्हणून. ती कधी कारखान्यातून बाजारात आलीच नाही. १९८३ला मारुती ८०० आली आणि 'किती देते?' हा प्रश्न घराघरात पोचला. स्टॉर्म ही त्या रांगेत चुकून शिरलेली पोरगी. इंजिन काटकसरीच्या गाडीचं, अंगकाठी मजेची.

दादानं ती २००८ साली सेकंडहँड घेतली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, म्हणून नंबर एमएच-०४. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. वहीच्या पहिल्या पानावर पेट्रोलचा भाव आहे, लिटरला पन्नाशीच्या आसपास. जून २०१०मध्ये सरकारनं पेट्रोलच्या किमतीवरचं नियंत्रण काढलं. जून २०१७पासून भाव रोज बदलायला लागला. मे २०२१मध्ये मुंबईत शंभरी ओलांडली. म्हणजे वही संपेपर्यंत लिटरचा दाम दुप्पट झाला. वहिनींचा राग इथून आला, आणि तो खोटा नाही.

पण गाडी खरंच पिते का? दादा दर वेळी टाकी फुल करायचा आणि दोन फुलमधले किलोमीटर लिहायचा. हीच खरी पद्धत. मुंबईला जाऊन आलेल्या दिवसांत सरासरी अकरा-बारा. मनोर-डहाणूकडे निवांत गेला त्या दिवशी सतरा. गाडी तीच, माणूस तोच, मग फरक कुठला?

फरक रस्त्याचा. घोडबंदरच्या नाक्यावर आणि खाडीच्या पुलावर गाडी उभी राहते, तेव्हा इंजिन चालू आणि किलोमीटर शून्य. एवढं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं. मोकळ्या रस्त्यावर हलकी गाडी एकसारख्या सत्तरच्या वेगानं फार मागत नाही. शंभरच्या पुढे मात्र हवा अडवायला लागते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडसर चौपट होतो. छप्पर उघडं असलं तर आणखी.

आता साधं गणित करू. ही गाडी वर्षाला समजा ३,००० किलोमीटर चालते. १५चं मायलेज धरा, लिटर २००. १०४ रुपयांनी झाले २०,८०० रुपये. मायलेज १८ झालं तर साधारण १७,३००. म्हणजे एवढी कसरत करून वर्षाला वाचले साडेतीन हजार. रोज ऑफिसला नेणाऱ्याचे, वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, तर चौदा हजारांच्या आसपास वाचतात. त्याला मायलेज पाहावंच लागतं. रविवारच्या गाडीत पेट्रोल हा मोठा खर्चच नव्हे.

मग मोठा खर्च कुठला? वहीची पानं उलटा. रेनोचं इंजिन होतं, पण रेनोचं दुकान त्या काळी आपल्याकडे नव्हतं. एका सेन्सरसाठी गाडी चार महिने उभी. फायबरला समुद्राच्या खाऱ्या हवेत गंज लागत नाही, ही वसईत केवढी सोय! पण बंपर तडकला तेव्हा गॅरेजवाल्यानं हात वर केले. तो जोडला होड्यांना फायबर लावणाऱ्या कारागिरानं.

आणि मग जुलै २०१८. त्या पावसात वसई-विरार बुडालं होतं, आठवतंय ना? ही गाडी आधीच जमिनीला टेकलेली. पाणी ओसरल्यावर दादानं घाईनं चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. पाण्यात भिजलेलं इंजिन सुरू करू नका, टो करून न्या, हे नियमावलीत असतं, लक्षात नंतर येतं. साध्या पॉलिसीत असं नुकसान बसत नाही, इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते नव्हतं. विमा कंपनीनं दावा नाकारला.

त्या महिन्याच्या पानावर पेट्रोलची एकही नोंद नाही. इंजिनाची रक्कम आहे, आणि खाली वहिनींच्या अक्षरात: 'कौलं पुढच्या वर्षी.' स्वयंपाकघरावरची कौलं परतायचे पैसे तिकडे गेले होते. तो पावसाळा त्या घरानं पातेली मांडून काढला.

पुढे कागदांचाही खर्च वाढला. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. गाडी न हलवताही हा मीटर पडतो.

म्हणून माझा निकाल असा. दादा, गाडी पेट्रोल पित नाही. ती उभ्या उभ्या खाते. ठेवायची असेल तर दरवर्षी पेट्रोलइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढ, आणि ती कौलांच्या डब्यातून काढू नकोस. आणि वहिनी, तुमचं वाक्य चुकीचं असलं तरी तुमचा हिशेब बरोबर होता.

दोघांनीही अजून उत्तर दिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ला वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तेव्हा दोघं ती गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात खाडीपलीकडे जाऊन आले, एवढं मला कळलंय. इंजिन बंद, गाडी बोटीवर. वहीत त्या दिवशीचं मायलेज लिहायचं राहिलंय.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर सांभाळून ठेवा. भेटू पुढच्या भागात.