वाळवंटातला ओढा

भूगोल शिकवताना वर्षानुवर्षं मी फळ्यावर लिहीत आले, "वाळवंटात झीज घडवतो तो वारा." मुलं ते पाठ करत आणि मार्क मिळवत. अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या ओढ्याचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं, आपण अर्धंच शिकवलं.

'लास व्हेगास' म्हणजे स्पॅनिश भाषेत कुरणं. झऱ्यांमुळे तिथे हिरवळ होती. १९०५ साली गाव वसलं. पाऊस वर्षाला जेमतेम चार इंच. पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा म्हणजे लास व्हेगास वॉश. शहर वाढलं तसं शुद्ध केलेलं सांडपाणी त्यातून बारा महिने वाहू लागलं. पाणकणसं माजली, पक्षी आले. १९७०च्या दशकात सुमारे २००० एकर पाणथळ जागा होती. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली!

पण वस्ती वाढतच गेली. सांडपाणी वाढलं. डांबर-सिमेंटमध्ये पाणी मुरेना, त्यामुळे पावसाचे लोंढेही जोरात येऊ लागले. ओढ्याचा तळ खरवडला गेला. तळाबरोबर भूजल खाली गेलं, पाणकणसं वाळली, धरून ठेवणारी मुळं गेली आणि काठ ढासळले. १९९०च्या दशकाअखेरीस उरली फक्त २०० एकर. माती गेली कुठे? हूवर धरणामागच्या मीड सरोवरात. शहर पिण्याचं पाणी तिथूनच उचलतं.

१९९८ साली सरकारी खाती, तज्ज्ञ आणि नागरिक यांची समन्वय समिती झाली. पुढच्या वीसेक वर्षांत ओढ्यावर २१ बुटके बंधारे बांधले गेले. प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी उतरू लागला, वेग मंदावला, गाळ बंधाऱ्यामागे बसू लागला. काठांना पाडलेल्या बांधकामांच्या काँक्रीटच्या राडारोड्याचाही आधार दिला. उपरी झाऊची झुडपं काढून स्थानिक झाडं लावली. सरोवरात जाणारा गाळ बराच घटला.

हे वाचताना १९७२च्या दुष्काळातलं नाला बंडिंग आठवलं. दोन्हीकडे युक्ती एकच, धावत्या पाण्याला चालायला लावायचं. आपण केलं ते पाणी नव्हतं म्हणून, त्यांनी केलं ते पाणी फार झालं म्हणून, एवढाच फरक.

ज्या पाण्यानं पाणथळ घडवली, त्यानंच ती मोडली. दोष पाण्याचा नव्हता, आपण ते किती आणि कसं सोडलं याचा होता. फळ्यावरचं ते वाक्य आता पुसता येत नाही. म्हणून इथे दुरुस्ती लिहून ठेवते.