यहुदी गूढध्यान : साधनेचा आरंभ

कब्बाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यहुदी गूढविद्येस अनुसरून एकट्या साधकाने नित्यनेमाने करावयाचे ध्यान. या विद्येचा प्रमाणग्रंथ जो ‘जोहार’, तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कॅस्टील प्रांतात उदयास आला. त्याच शतकात अब्राहम अबुलाफिया याने हिब्रू अक्षरांच्या संयोगांवर चित्त स्थिर करण्याची रीत घालून दिली. आणि सोळाव्या शतकात गालिली प्रांतातील सफेद या नगरात आयझॅक लुरिया (१५३४–१५७२) याने प्रार्थनेच्या शब्दाशब्दामागे धरावयाच्या संकल्पांचे सूक्ष्म शास्त्र रचले. हा मार्ग सर्वांस मोकळा मात्र कधीच नव्हता. सब्बाताई झेवी याच्या मसीहापणाच्या दाव्याने सतराव्या शतकात समाजाची जी वाताहत झाली, तिचा धसका घेतलेल्या धर्माधिकाऱ्यांनी १७५६ मध्ये ब्रोडी येथे फर्मान काढून तिशीच्या आतील मनुष्यास जोहारचा आणि चाळिशीच्या आतील मनुष्यास लुरियाच्या लेखनाचा मज्जाव केला.

महाराष्ट्रात या विद्येचे दप्तर उघडले ते पुण्यात. बगदादी यहुदी समाजातील आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद असलेले अब्राहम डेव्हिड इझिकेल यांनी, शिमोन बार योहाई या ऋषितुल्य पुरुषाने अंतकाळी शिष्यांस केलेला उपदेश ज्यात आहे, तो जोहारमधील ‘इद्रा झुता’ हा भाग हिब्रू लिपीतील अरबी भाषेत उतरवून १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. जे गुरुमुखातून, तेही अधिकारी शिष्यासच द्यावयाचे, ते छापून बाजारात मांडले म्हणून स्वसमाजातूनच त्यांस तीव्र विरोध झाला. इझिकेल यांचे धैर्य वंदनीय आहे. तथापि विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य होते, कारण ग्रंथ हाती आल्याने अधिकार हाती येत नाही.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल यहुद्यांची भक्ती याहून साधी आणि नवशिक्यास अधिक जवळची. सकाळ-संध्याकाळ ‘शमा’ ही प्रार्थना म्हणताना डोळ्यांवर हात धरून ईश्वराच्या एकत्वावर मन रोखणे, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचा नवस फेडणे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बायबलातील आख्याने मराठी कीर्तनांतून ऐकणे, या तिन्हींत चित्ताच्या एकाग्रतेचे शिक्षण आहे.

साधनेचा आरंभ कोठून करावा, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ब्रेस्लवच्या रब्बी नाख्मान (१७७२–१८१०) यांनी दिले. रोज तासभर, शक्यतो रात्री आणि वस्तीपासून दूर, एकांती जाऊन देवाशी आपल्याच मातृभाषेत बोलावे. बोलणे सुचेनासे झाले, तर ‘विश्वाच्या धन्या’ एवढेच पुनःपुन्हा म्हणावे. या रीतीस ‘हितबोदेदुत’ म्हणतात, आणि तिला ना सामग्री लागते ना कोणाची सनद. दुसरी पायरी ‘शिविती’ची : ईश्वराचे चतुरक्षरी नाम पाटीवर लिहून ते दृष्टीपुढे ठेवावयाचे, मात्र त्या नामाचा उच्चार परंपरेने निषिद्ध मानल्यामुळे मंत्राप्रमाणे त्याचा जप करणे ही साधना नव्हे, अपराध होय. अबुलाफियाचे अक्षरसंयोग आणि लुरियाचे संकल्प जाणत्या गुरूवाचून हाती घेऊ नयेत. आर्ये कॅप्लन (१९३४–१९८३) यांच्या इंग्रजी ग्रंथांनी या रीती सुबोध केल्या. परंतु शब्बाथ, आहारविधी आणि दानधर्म यांपासून तोडलेल्या ध्यानास यहुदी म्हणता येणार नाही, हे वाचताना विसरू नये.

मराठी जिज्ञासूस, विशेषतः हिंगोली जिल्ह्यातील, नामसाधना परकी नाही. त्या जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी त्यांस केलेल्या उपदेशाची कथा त्या मुलखात घरोघर ठाऊक आहे. मात्र तेवढ्यावरून दोन परंपरा एकच ठरवण्याची घाई करू नये. यहुदी साधनेचा पाया ईश्वराशी असलेला करार आणि आज्ञापालन हा आहे. म्हणून जिज्ञासूने प्रथम मराठीत एकांतप्रार्थना काही मास नेमाने करावी, आणि मग, आगाऊ परवानगी घेऊन, पुण्याच्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगात म्हणजेच लाल देवळात, अथवा मुंबई, ठाणे वा रायगड येथील एखाद्या प्रार्थनागृहात, जाणत्या माणसांकडे विचारणा करावी.