मेंदूचे चित्र आणि मनाचे दुखणे



माझे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. तेव्हा मेंदूवर बोलावयाचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील, तर एका कामगाराच्या प्रकरणापायी मला हा विषय शिकावा लागला, एवढेच माझे उत्तर आहे. पाळीवर येताना या गृहस्थाच्या छातीत धडधड होई, हात कापत, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसे. व्यवस्थापकांनी त्याला डोक्याचा फोटो काढावयास धाडले. फोटो स्वच्छ आला. फोटोत काही नाही म्हणजे दुखणेही नाही, असे ठरवून त्याची रजा बिनपगारी धरली गेली.

या शास्त्राचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि त्याच्या आरंभी आहे एका कष्टकऱ्याचे फुटलेले डोके. इटलीतील तुरीन शहरी आंजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. १८७७ च्या सुमारास बेर्तिनो नावाचा एक शेतकरी त्याच्या पाहण्यात आला. डोक्यावर वीट पडून याची कवटी फुटली होती, आणि त्या जागी मेंदूची स्पंदने मोजता येत. दुपारी चर्चची घंटा झाली. प्रार्थनेची आठवण होते काय, असे मोस्सोने विचारले मात्र, स्पंदने वाढली! मनात काही हालले की मेंदूकडे रक्ताची धाव वाढते, हे त्याने ताडले. पुढे त्याने माणसाला आडवे निजविता येईल असा एक तराजूच केला, आणि विचार करताना डोक्याची बाजू खाली झुकते काय, ते तो पाहू लागला. याच मोस्सोने भीतीवर आणि थकव्यावर ग्रंथ लिहिले. सिसिलीच्या गंधकाच्या खाणीत ओझी वाहणाऱ्या पोरांचे हाल त्याने नोंदविले आहेत. म्हणून हा पंडित मला आपल्यातला वाटतो.

आजची यंत्रे याच वाटेने आली. १९७० नंतरच्या पेट यंत्रात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य रक्तात सोडून त्याचा माग काढतात. १९९० साली ओगावा यांनी दाखविलेल्या चुंबकीय पद्धतीत रक्तातील प्राणवायूच्या फेरफारावरून चित्र उमटते. दोन्हीकडे चित्र रक्ताचे. चिंतेचे किंवा दुःखाचे नव्हे.

याचा दाखला पाहा. १९८९ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे रायमन, रेकल आदी शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना विजेचा झटका बसणार असे सांगून वाट पाहावयास लावले, आणि चित्रे काढली. कानशिलांजवळच्या मेंदूच्या टोकांत रक्त वाढलेले दिसले. चिंतेचे ठिकाण सापडले, असे जगाने मानले. १९९२ साली त्याच प्रयोगशाळेने दुरुस्ती छापली: ते रक्त बहुतांशी मेंदूतले नव्हतेच, जबड्याच्या स्नायूंतले होते. झटक्याच्या धास्तीने माणसांनी दात आवळले होते! आपली चूक आपणच छापणारी माणसे मला फार थोर वाटतात. वाटाघाटीच्या मेजावर मी अशी क्वचितच पाहिली.

खिन्नतेच्या विकाराचेही तसेच. २०१६ साली अनेक देशांतील चित्रे एकत्र करून १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसे ताडून पाहिली. स्मरणाशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत सरासरीने किंचित लहान आढळला. पण किंचित म्हणजे किती? समजा, पहिल्या पाळीची सरासरी उंची दुसरीपेक्षा अर्ध्या बोटाने जास्त भरली. म्हणून फाटकातून येणाऱ्या एका माणसाची उंची मोजून त्याची पाळी सांगता येईल काय? त्याच कारणाने नुसत्या चित्रावरून अमक्याला खिन्नता आहे किंवा नाही, असे आजही कोणी डॉक्टर सांगू शकत नाही. डोक्याचा फोटो काढतात तो बहुधा गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी. आमच्या माणसाचा स्वच्छ फोटो एवढेच सांगत होता.

हे सारे मी व्यवस्थापकांपुढे मांडले तेव्हा ते हसले. मग आम्ही त्या गृहस्थाला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी कसलेही यंत्र न लावता तासभर त्याला बोलू दिले, मधूनमधून झोपेविषयी, भुकेविषयी, घरच्यांविषयी विचारले, आणि दाखला लिहून दिला. रजा मंजूर झाली. पगाराची बाकी मात्र चौदा महिन्यांनी हाती आली.